मूळपुरुषाचा पिवळा झगा

सकाळी आठच्या आत माझ्या लॉजच्या मागच्या अंगणात पन्नास-साठ पिवळे झगे जमले. झग्यांच्या आत परदेशी तरुण मुलंमुली होती, पण त्यांना विचारतो कोण! महत्त्व झग्याला. आमच्या गावात कोणाच्या आज्यानं की पणज्यानं असला झगा कधी अंगाला लावलेला नव्हता. आम्ही आपले शर्ट-पँटवाले. पण ही पोरं आमची भाषा मोडकीतोडकी शिकून, अस्सल माणूस शोधायला एवढ्या लांबून आलेली. शर्ट-पँटमधला माणूस त्यांच्या काय कामाचा? शेवटी अस्सल दिसायची जबाबदारी त्यांनी स्वतःच उचलली.

झगे पुरवणारा इसम स्वतःही तसाच झगा घालायचा आणि स्वतःला मूळपुरुष म्हणवून घ्यायचा. गेल्या वर्षीपर्यंत तो बाजारात पडद्यांचं कापड विकत होता.

"बाळांनो, मागच्या जन्मी तुम्ही इथलेच होता!" मूळपुरुष गरजला. "पूर्वज ज्याला ओळखतील त्याचं वस्त्र लाल होईल. रोग पळेल, भोग पळेल!"

त्यानं तांब्यातलं पाणी एका मुलावर शिंपडलं. झग्यावर लालभडक ठिपके उमटले. अंगणात आनंदाची रडारड झाली.

चार नंबरच्या खोलीतल्या मुलीचा झगा मात्र काल पिवळाच राहिला होता. एकोणीस वर्षांची पोर, लहानपणापासून मधुमेह. तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी असायच्या. "परकं औषध आड येतंय, बाळ," असं मूळपुरुषानं सांगितलं आणि तिनं काल दुपारीच त्या बाटल्या नेऊन त्याच्या पायाशी ठेवल्या. आज ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, घटाघटा पाणी पीत होती. मी डॉक्टरांना फोन केला आणि तिला उठवायला गेलो.

"काका, आज लाल होईल," ती म्हणाली. "मग येते."

मी तळमजल्यावर लाँड्री चालवणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीकडे धावलो आणि तिला सगळं सांगितलं.

"लाल व्हायचंय होय?" ताईनं हात पुसले. "माझ्या टबात रोज होतात की! पूर्वजांनी ओळखलेले, न ओळखलेले, सगळेच."

ती अंगणात आली ती एका हातात लाँड्रीची बादली घेऊन आणि शेजारच्या शिंप्याचा लाकडी पुतळा काखोटीला मारून. पुतळ्याला तिनं झगा चढवला होता.

"महाराज, हा एक भक्त राहिलाय."

"श्रद्धेची थट्टा करू नका, ताई. हे वस्त्र आत्मा ओळखतं!"

"ओळखू द्या की."

ताईनं बादलीतलं पाणी शिंपडलं. पुतळा छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झाला.

"अभिनंदन! हा पण मागच्या जन्मी इथलाच." मग तिनं वर लिंबू पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "अरेरे, पूर्वज विसरले वाटतं. पोरांनो, कापड हळदीत रंगवलंय. हळदीला धुण्याचा सोडा लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. हळदीचा डाग ज्यानं साबणानं धुतलाय, त्याला हे माहीत असतं. यांच्याकडे तांबे दोन आहेत. एकात सोडा, एकात साधं पाणी. ज्याची औषधं पायाशी आली, त्याच्यासाठी सोड्याचा तांब्या निघतो."

"पण पुतळ्यालाही आत्मा असू शकतो," एक दाढीवाला तरुण गंभीरपणे म्हणाला. अशा डोक्याला कुठला सोडा पुरा पडणार!

ताईनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली.

"आणि महाराज, तुमचे शर्ट धुवायला आमच्याकडेच येतात. खिसे तपासल्याशिवाय मी कपडा भिजवत नाही. ह्या घ्या तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या."

चार नंबरची मुलगी भिंतीचा आधार घेत उभी राहिली.

"झगा तर तुम्हीही घालता," ती हळूच म्हणाली. "मग गोळ्या का घेता?"

मूळपुरुषानं गोळ्यांची पट्टी घाईघाईनं झग्यात सरकवली. मुलीनं हात पुढे केला. "माझं औषध द्या."

तेवढ्यात डॉक्टर आले, तिची साखर तपासली आणि तिला थेट दवाखान्यात नेलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला बोलावून उपयोग झाला नसता," असं ते मला म्हणाले. मला फार राग आला, मूळपुरुषाचा आणि त्याला अंगण वापरू देणाऱ्या माझाही.

परक्या गावचे कपडे हौसेनं घाला, मिरवा, फोटो काढा. पण कापडानं रोग जातो असं जो सांगेल, त्याला एवढंच विचारा की तू आजारी पडलास की काय घेतोस? त्याचं उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध आपल्या हातातच ठेवा.