सर्जेरावचा दम

सर्जेराव मगदूमचा उजवा घोटा मी माझ्या शेवटच्या सामन्यात धरला आणि त्याचा दम अजून तुटलेला नाही. सामना केव्हाच संपला. मांडव उतरला, लोक घरी गेले, साखर कारखान्याचा आमचा संघही पुढे बंद झाला. तरी तो माझ्या माजघरात पालथा पडून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतो आहे आणि मी त्याच्या पायाशी आहे. आमच्या वेळी चढाईला घड्याळ नव्हतं, जेवढा दम तेवढी चढाई. तीस सेकंदांचा नियम नंतर आला, आणि तो जुन्या चढाईला लागू होत नाही, असं पंचांनी मला स्वच्छ सांगितलं आहे.

मी डावा कोपरा सांभाळायचो. चढाई करणाऱ्यांचे पेपरात फोटो यायचे; माझा फार तर कोपर यायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं. पण पळणाऱ्याला सगळे बघतात आणि धरणाऱ्याला फक्त धरला गेलेला ओळखतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. दोन्ही गुडघे गेले, बोटं आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी झाली, पण माझ्या नावावर एकही फाऊल नाही. केस ओढले नाहीत, कपडा धरला नाही, तोंडाला हात लावला नाही. घोटा दिसला की घोटाच धरायचा.

निवृत्तीचा सत्कार याच अवस्थेत झाला. चेअरमननी माझ्या खांद्यावर शाल घातली. माझे हात मोकळे नव्हते म्हणून नारळ सर्जेरावच्या पाठीवर ठेवला. मग आम्हा दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणलं.

सोडून का देत नाही, असं येणारे-जाणारे विचारतात. लोकांना काय जातंय! फाटकाबाहेर माझी मुलगी बसली आहे.

बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो, आणि समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. हे शेंबडं पोरही जाणतं. त्या सामन्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची वैजू तापानं बाद झाली. तेव्हापासून ती फाटकाबाहेर मांडी घालून बसते, तेवढीच, सात वर्षांची, निळ्या फ्रॉकमध्ये, मान खाली. हौसा, म्हणजे माझी बायको, रोज तिच्यापुढे ताट ठेवते आणि तसंच भरलेलं परत आणते. सर्जेराव बाद झाला तर वैजू आत येईल. तो मध्यरेषेला शिवला तर मी बाहेर जाईन, आणि मग तिला आत आणणारं कोणी उरणार नाही. घरातले सगळेच बाद झाले असते तर लोण होऊन सगळे परत आले असते. पण आमचा थोरला पुण्याला असतो, आणि नियमाप्रमाणे तो आत धरला जातो. फोनसुद्धा करत नाही, पण आत धरला जातो.

सर्जेरावचा मला राग येत नाही. त्याच्याही दारात कोणी मान खाली घालून बसलेलं असेल. त्याशिवाय माणूस इतका दम धरत नाही.

घोरपडे पंच रोज सकाळी फक्कीचा डबा घेऊन येतात आणि मध्यरेषा आखतात. सुरुवातीला ती घरामागच्या ओढ्यापाशी होती. मग गोठ्यात आली. गोठा एका सकाळी ओढ्याजवळून उठून परसदाराला चिकटला होता. मग ती स्वयंपाकघरात आली आणि स्वयंपाकघर इतकं आखूड झालं की हौसा भाकरी थापायला भिंतीला पाठ लावून तिरकी बसू लागली. आज सकाळी रेषा माजघरात होती.

“पंच, काल ती उंबऱ्याच्या पलीकडं होती,” मी म्हणालो.

“मैदान आकसतंय, रंगराव.”

“कोण आकसवतंय?”

“ते माझ्याकडं नसतंय. मी फकस्त आखतो.” ते ओणवे होऊन फक्की सोडत होते. सर्जेरावच्या बोटांपासून रेषा वीतभर राहिली होती. त्यानं ती पाहिली. त्याचा आवाज बारीक झाला होता, ओठांना फेस आला होता, पण बोटं जमिनीवर पुढे सरकत होती. माझ्या हातातला घोटा घामानं निसटू लागला. मला भीती वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वाटली.

हौसा दारात उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला, वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मैदानात उतरण्याआधी मी आयुष्यभर तसंच करत आलो. माझं बघून बघूनच तिला ते आलं असणार.

“अगं, काय करतीस?”

“आत येतीय.”

“त्याला हात लावू नकोस. तो रेषेला शिवला तर शिवलेले सगळे बाद. तू पण.”

“झाले तर झाले. तिच्याजवळ जाऊन बसीन. एकटीच बसलीया पोर कवाची.”

पंच मान वर न करता म्हणाले, “वहिनी, बाहेर शेजारी कोण बसलंय ते कळत नसतंय कुणाला.”

“मला कळंल,” हौसा म्हणाली.

तिनं सर्जेरावच्या कमरेला मिठी घातली. मी तिला आयुष्यात कधी पकड शिकवली नाही. तरी तिनं गुडघे टेकून, डोकं त्याच्या बरगडीत घालून अशी पकड केली की कारखान्याच्या संघात तिला मी डोळे झाकून घेतलं असतं. सर्जेराव थांबला. मग त्यानं आम्हा दोघांना ओढायला सुरुवात केली. माजघराची भिंत मागून माझ्या तळपायांना लागली. ती काल तिथं नव्हती. खोली आता आम्हा चौघांपुरतीच उरली होती, आणि त्याच्या मधल्या बोटाचं नख फक्कीपासून गव्हाच्या दाण्याएवढं दूर होतं.

“सोडू नका हो,” हौसा म्हणाली.

“निसटतोय.”

“सोडू नका म्हणते ना!”

“अगं, बोटंच राहिली नाहीत मला!”

तिनं एक हात त्याच्या कमरेवरून काढला, वर नेला आणि तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

घरात शांतता झाली. इतक्या वर्षांत आम्ही ती ऐकलीच नव्हती. पातेल्यात आमटी उकळत होती ते मला कळलं. पंचांच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कबड्डीपटूच्या बायकोला हे सांगावं लागत नाही: तोंड दाबून दम तोडणं हा फाऊल. पंचांनी तो पाहिला तर पकड रद्द, आणि चढाई करणारा सुखरूप आपल्या घरी. मी आयुष्यभर जे केलं नाही, ते ती माझ्या डोळ्यांदेखत करत होती, आणि ती रडतही होती.

पंच रेषेचं टोक पूर्ण करत होते. शांतता त्यांनाही ऐकू गेली. फक्की सोडणारा हात थांबला.

उघड्या दारातून मला फाटक दिसत होतं. वैजूनं मान वर केली होती. ती उठली, फ्रॉकची माती झटकली आणि एक पाय आत टाकायला उचलला. तो पाय तिथंच हवेत राहिला. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे हौसासारखे आहेत, हे मी विसरूनच गेलो होतो.

सर्जेराव हौसाच्या तळव्याखाली मान हलवत होता. त्याचा श्वास फटीतून बाहेर येऊ बघत होता. तिची बोटं उघडत चालली होती.

पंचांनी शिट्टी ओठांत धरली आणि ते आमच्याकडे वळू लागले.

मी एक हात घोट्यावरून काढला, हौसाच्या हातावर ठेवला आणि दाबला.