क्युम्युशचे कुमुश करणारा मी

मित्रांनो, मी एक जुना कळफलक आहे. बढाई मारावी असे माझ्याकडे फारसे काही नाही, म्हणून आधी माझी चूकच सांगतो.

कारखान्यात माझ्या अंगावर फक्त रशियन अक्षरे छापली गेली आणि नोकरी लागली किर्गीझ गावातल्या नोंदणी कचेरीत. किर्गीझ भाषेत दोन उ आहेत. एक साधा, दुसरा ओठांचा चंबू करून, थोडा 'यु'सारखा म्हणायचा. चंबूचा माझ्याकडे नव्हता. ळ नसलेल्या कळफलकावर 'बाळ' लिहून पाहा, म्हणजे माझी अडचण कळेल! कारकूनबाई साध्या 'उ'वर भागवत. बारा वर्षे सगळे मला "भलताच टिकाऊ हो!" म्हणत आणि मी फुगून जाई. मग नवा कळफलक आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. फार वाईट वाटले.

एक दिवस बेगिमाय मला शोधत आली. ती बिश्केकच्या विद्यापीठात कायदा आणि माहिती तंत्रज्ञान अशी जोडपदवी शिकत होती आणि तिथल्या मोफत सल्ला केंद्रात बसत होती. सोबत सत्तरीच्या क्युम्युश आपा होत्या. रस्तारुंदीत त्यांचे घर जाणार होते. बदल्यात नवे घर मिळणार होते, पण नोंदीतल्या मालकिणीलाच. ओळखपत्रावर त्या क्युम्युश, माझ्या नोंदीत कुमुश. संगणकाने सांगून टाकले, या दोन वेगळ्या बायका.

"मग चाळीस वर्षं माझ्या तंदुरात नान काय त्या दुसरीनं लावले?" आपा कडाडल्या. मग बेगिमायकडे वळून म्हणाल्या, "आणि पोरी, तू नक्की शिकतेस तरी काय?"

बेगिमायने हसून मला कारकूनबाईंकडून मागून घेतले. तिने मला पिशवीत घातले.

न्यायालयात आपांच्या बाजूने बेगिमाय उभी राहिली, तेव्हा कचेरीचे वकील म्हणाले, "ताई, तुम्ही वकील होणार की संगणकवाल्या? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

बेगिमायचे कान लाल झाले, पण ती डगमगली नाही. न्यायालयाच्याच परवानगीने तिने माझ्या बारा वर्षांच्या नोंदी एका छोट्या प्रोग्रॅमने तपासल्या होत्या. "चार हजार किर्गीझ नावं," ती म्हणाली, "आणि चंबूचा उ एकदाही नाही." मग तिने मला पुढे ठेवले. "यावर आपांचं नाव लिहून दाखवाल का?"

न्यायाधीश ग्युलझात बाई चष्मा सावरून एकेक कळ शोधू लागल्या. मी लाजेने अर्धा झालो.

"अहो," त्या एकदम म्हणाल्या, "यावर तर माझंही नाव येत नाही!"

क्युम्युश आणि कुमुश एकच, असा निकाल त्याच आठवड्यात लागला. आपांना घर मिळाले.

आता मी सल्ला केंद्रात असतो. नाव लिहून घेण्याआधी बेगिमाय मला समोर ठेवते आणि माणसाला नाव दोनदा उच्चारायला लावते. परवा आपा गरम नान घेऊन आल्या. त्यांनी पुन्हा विचारले, "सांग ना गं, काय शिकतेस?"

"नाव नीट लिहायला, आपा."

मित्रांनो, कुणाचेही नाव लिहाल तेव्हा आधी ते त्याच्या तोंडून ऐका. तुमच्याकडे अक्षर नसेल, तर ते तुमच्याकडे नाही. त्याच्या नावात ते असतेच.