आहे तसा घरी ने

घासायला म्हणून वायरमननं लेकीचा डबा उघडला आणि तो तसाच उभा राहिला. सकाळी भरलेला पाव, बटाटे, अंडं, सगळं जागच्या जागी होतं.

कालपर्यंत काम सोपं होतं. बायको परगावी नर्सच्या नोकरीवर गेल्यापासून, म्हणजे गेले चार महिने, तो पोरीचं जेवण प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा. खाल्लं की पिशवी शाळेच्या कचरापेटीत. घासायची भानगडच नाही. संध्याकाळी बायको फोनवर विचारायची, "नीट जेवते ना ती?" आणि तो छातीठोकपणे सांगायचा, "चाटूनपुसून!"

मग वर्गाच्या बाईंनी नियम केला, फेकून द्यायचं प्लास्टिक शाळेत आणायचं नाही. तो शाळेच्या फाटकापाशी कुरकुरला होता.

"नियम करायला तुमचं काय जातंय बाई? घासायचं मला."

"आठवडाभर घासून तर बघा," बाई म्हणाल्या होत्या.

आता लेक दारात फ्रॉकचं टोक पिळत उभी होती.

"बरं नव्हतं का तुला?"

"रागावणार नाहीस ना बाबा? मी रोज पिशवीसकट टाकून द्यायचे. बटाटे कच्चे असतात. आणि मीठ..."

"अगं, मग सांगायचंस की!"

"तू पहाटे उठून करतोस ना. बोटंपण भाजून घेतोस."

त्यानं बोटं मुठीत घेतली.

"मग आज का नाही टाकलंस?"

"बाई म्हणाल्या, आहे तसा घरी ने. बाबांना दिसू दे."

"आणि इतके दिवस खात काय होतीस?"

"बाईंच्या डब्यातलं अर्धं."

त्यानं नळ बंद केला. चार महिने त्या बाई अर्धपोटी शिकवत होत्या, आणि तो त्यांनाच घासण्यावरून सुनावून आला होता.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी बाई दिसल्या. वाटेत त्यानं माफीचं वाक्य जुळवलं होतं, पण विचारलं भलतंच.

"बाई, बटाटा शिजला हे कळतं कसं?"

बाई हसल्या नाहीत. "सुरी टोचायची. अडखळली नाही, की शिजला. आणि मीठ घातलं की आधी आपण चाखायचं."

त्यानं मान डोलावली. मग हत्यारांच्या पिशवीतून एक डबा काढून पुढे केला.

"हा तुमचा. पाव आणि फळं आहेत. माझ्या हातून बिघडेल असं काही नाही त्यात."