मी गप्प झालो आणि सगळे खूश झाले

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. नऊ वर्षं पाणी ढकलतोय, आणि आज माझी छाती अशी फुगलीय की सांगायची सोय नाही. का ते सांगतोच. पण आधी मी कुठे असतो ते ऐका, कारण मला शोधायला आजवर कुणी वाकलेलं नाही.

दातांच्या दवाखान्यात जा. बाकांवर गाल धरून बसलेली माणसं दिसतील. त्यांच्यासमोर काचेची मोठी टाकी आहे, तीत खारं पाणी आणि समुद्रातले मासे. सगळ्यांचे डोळे तिकडे. आता टाकीखालचं लाकडी कपाट उघडा. आत आणखी एक लहान टाकी, आणि तिच्या तळाशी बुडालेला विटेएवढा काळा ठोकळा. तोच मी.

काम म्हणाल तर सोपं. वरचं पाणी नळीतून खाली येतं, गाळणीतून जातं, आणि मी ते परत वर फेकतो. बास. पण हे एवढंच दिवसरात्र करायचं. रविवारी दवाखान्याला सुट्टी, डॉक्टरीणबाईंना सुट्टी, काउंटरवरच्या मावशींना सुट्टी. मला नाही. मी थांबलो तर पाण्यातली हवा संपते, मग माशांचं काही खरं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात एक चुंबक घातला, चुंबकाला पंखा जोडला, तो पंखा एका बारीक दांडीवर बसवला. शेवटच्या टेबलावर एक बाई होती, तिने मला बादलीत बुडवून चालू केलं, कान जवळ आणला आणि शेजारणीला म्हणाली, "हा गुणी आहे बघ. चालतोय की नाही ते कळत पण नाही."

मित्रांनो, ती माझी पहिली शाबासकी. मी ती जिवापाड जपली. गप्प राहायचं, म्हणजे आपण चांगले. हेच माझ्या डोक्यात बसलं, आणि पुढे ह्यानेच माझा घात केला.

खोक्यात माझ्यासोबत एक कागद होता. दर तीन महिन्यांनी उघडा आणि धुवा, असं त्यावर ठळक छापलं होतं. कपाटाचा एक पाय आखूड निघाला, डुगडुगत होता. कागदाची घडी झाली आणि गेली त्या पायाखाली. अजून तिथेच आहे.

पण तेव्हा कागदाची गरजच नव्हती, कारण टाकीवाले काका होते. ज्यांनी टाकी बसवली तेच. तीन महिने झाले की हजर. मला बाहेर काढायचे, तोंडावरची जाळी काढायची, पंखा उपसायचा आणि सगळं व्हिनेगरमध्ये भिजत घालायचं. त्यांना गाणं म्हणायची हौस होती आणि गळा अजिबात नव्हता. मावशी एकदा व्हिनेगरच्या वासाने नाक धरायच्या आणि एकदा गाण्याने कान. मी मात्र न्हाऊन माखून असा पळायचो की वरचे मासे प्रवाहात गोते खायचे.

सहा वर्षं असं छान चाललं. मग काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ते लेकीकडे राहायला गेले. जाताना मावशींना सगळं समजावून गेले. मिठाचं माप, खाण्याची चिमूट, काच पुसायची कशी, आणि माझी आंघोळ. मावशींनी मान हलवली.

मावशी आळशी, असं म्हणणाऱ्याची जीभ झडेल. रोज सकाळी आल्या आल्या काच पुसायच्या, एक डाग दिसला तर पुन्हा पुसायच्या. फक्त माझ्यापाशी त्यांचा हात अडायचा. चालतंय ना, मग उगाच कशाला उकला, असं त्यांचं म्हणणं. आता चालणारी वस्तू उघडून बघायचं कुणाच्या मनात येतं? तुमच्या तरी येतं का?

खाऱ्या पाण्यात चुना असतो, मित्रांनो. डोळ्यांना दिसत नाही. माझं अंग काम करून कोमट राहतं, आणि कोमट अंगावर तो हळूहळू बसत जातो. आज एक पापुद्रा, महिन्याने दुसरा. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही. पंख्याला फिरायला जेवढी जागा होती तेवढ्यात चुन्याने घर केलं. मग मी घरघरायला लागलो.

झाली पंचाईत. दातांच्या दवाखान्यात घरघर म्हटली की माणसांचा आधीच जीव जातो. एक आजोबा तर माझा आवाज ऐकून, आत कुणाचा तरी दात कोरतायत असं समजून, नंबर सोडून घरी गेले. डॉक्टरीणबाई मावशींना म्हणाल्या, याचं काहीतरी करा.

आणि मावशींनी केलं. माझ्या पायाखाली स्पंज सरकवला. लहान टाकीवर घडी करून चादर घातली. कपाटाच्या फटींत जुने टॉवेल कोंबले. तापलेल्या माणसाला दुलईत गुंडाळावं तसं. आवाज निम्मा झाला आणि माझी घालमेल दुप्पट झाली. ओरडतोय, पण ऐकणार कोण? आवाज कमी झाला म्हणून सगळे समाधानी.

त्यात वर एक आनंदाची गोष्ट घडली. टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी आहे. बायको चांगली धिप्पाड, नवरा तिच्या निम्मा. मावशींनी त्यांना सरकार आणि कारकून अशी नावं ठेवलीत. सरकार हुकूम सोडणार, कारकून धावणार. पाच वर्षं मावशी वाट बघत होत्या, आणि एका सकाळी बोटांसारखे तंतू हलवत बसलेल्या समुद्रफुलाशेजारच्या फरशीच्या तुकड्यावर शे-दोनशे नारिंगी ठिपके. अंडी!

मावशींनी बाकावरच्या प्रत्येकाला उठवून दाखवलं. डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट बाहेर आल्या. कारकुनाने तर खाणं सोडलं. दिवसभर अंड्यांपुढे उभं राहून पंखांनी वारा घालायचा. मावशी कॅलेंडरवर रोज फुली मारायच्या, आठ-नऊ दिवसांत पिल्लं निघतात असं काका कधीतरी बोलले होते म्हणून. सहाव्या दिवशी अंड्यांत डोळे दिसले. शे-दोनशे जोड्या, चांदीसारखे चमकणारे. मावशींचा आवाज चिरकला सांगताना.

आणि त्याच सहाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, माझा पंखा अडकला.

मी जोर लावला. परत लावला. कण्हलो, थरथरलो, आणि संपलं. नळीतलं पाणी पडायचं थांबलं. दवाखाना एकदम शांत.

मावशींनी मान वर केली, कानोसा घेतला, आणि काय म्हणाल्या असतील? आत जाऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "बघा, चादरीने काम केलं की नाही? आता हूं नाही की चूं नाही."

बाईही म्हणाल्या, वा, आता कसं बरं वाटतं.

मित्रांनो, नऊ वर्षांत एवढं कौतुक झालं नव्हतं माझं. आणि मी मेल्यासारखा पडलेलो.

त्या वेळी बाकावर एक दांडगा माणूस बसला होता. विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणारा. ऐंशी फूट खोल विहिरीत दोरीने उतरणारा हा गडी, पण दाताच्या सुईला असा भ्यायलेला की मावशींनी दोनदा पाणी पाजलं. दाढ काढायची होती. सुई नुकतीच टोचून झालेली, जबडा बधिर व्हायला बाहेर बसवलेलं. मन रमावं म्हणून टाकीकडे बघत होता.

बघता बघता तो पुढे झुकला. समुद्रफुलाची बोटं हलत नव्हती. पाण्यावर तेलकट साय धरायला लागली होती. सरकार वर येऊन तोंड उघडझाप करत होत्या. खाली कारकून एकटा, अंड्यांपुढून न हलता, जिवाच्या आकांताने पंख मारत होता.

मोटारवाला ताडकन उठला. बोलायला गेला, पण अर्धं तोंड जागेवर नाही. मावशींना वाटलं, घाबरलाय बिचारा. बसा भाऊ, होईल सगळं नीट, म्हणाल्या. त्याने बोलणं सोडलं, मावशींचं मनगट धरलं आणि नळीच्या तोंडाखाली हात नेऊन ठेवला.

हातावर थेंबसुद्धा पडला नाही. मावशींचा चेहरा पांढरा फटक पडला.

मग जी धांदल उडाली, अहाहा! मोटारवाल्याने कपाट उघडलं, टॉवेल भिरकावले, चादर ओढली, वायर काढली आणि मला उचलून बाहेर घेतलं. मावशींना मग्गा दिला आणि खुणेने दाखवलं, खालचं पाणी घ्या, वर उंचावरून ओता, म्हणजे हवा मिसळते. मावशी ओतू लागल्या. हात भरून आले तेव्हा बाकावरच्या एक आजी उठल्या, कवळी रुमालात बांधून पिशवीत ठेवली आणि मग्गा घेतला. त्यांच्यानंतर गाल सुजलेला एक पोस्टमन. रांगच लागली. दाताचं दुखणं कुणाला आठवेना.

इकडे मोटारवाल्याने माझी जाळी काढली आणि पंखा ओढला. येईना. हळूहळू पिरगाळत, एकदाचा काढला. चुंबक कुठला, पांढरा खडूच हातात आला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पेशंट कुठे गेला बघायला. पेशंट जमिनीवर मांडी घालून बसलेला. त्याने पंखा त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तो उजेडात धरून फिरवला, अगदी दात बघतात तसा, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई, हे तर कीटण आहे."

कीटण म्हणजे दातांवर चढतो तो थर. ह्याच बाई बावीस वर्षं रोज वीस जणांना बजावतात की सहा महिन्यांनी या, थर काढून घ्या, दुखायची वाट बघू नका. आणि दारात बसलेला त्यांचा स्वतःचा पेशंट तीन वर्षं तोंड उघडून बसला होता.

बाईंनी बाह्या सरसावल्या. शेजारच्या खाणावळीतून व्हिनेगर मागवलं, वाडग्यात माझा पंखा बुडवला. फेस आला, मित्रांनो, असा फसफसून! मग नवे हातमोजे चढवले, दात कोरायचं एक जुनं कोरणं घेतलं, आणि माझ्या पोटाच्या फटीतला चुना कणाकणाने काढला. मोटारवाला बोट दाखवायचा, इथे राहिलाय, तिथे जपून. शेवटी पेशंटना भेट देतात त्यातला कोरा टूथब्रश फोडला आणि मला आतून बाहेरून घासलं. पेशंटला विचारतात तसं मला विचारलंसुद्धा, दुखतंय का म्हणून. खरं सांगतो, सुखाने मरायचा बाकी होतो.

साध्या पाण्यात खळबळून मला परत बसवलं. वायर लावली.

काही नाही.

मावशींच्या हातातला मग्गा तसाच राहिला. मोटारवाल्याने मला पाण्यात तिरका केला, तोंडातून हवेचा एक मोठा बुडबुडा गेला, आणि त्याने वायर पुन्हा लावली. पंखा एकदा उलटा झटकला, एकदा सुलटा. आणि सुटला! पाणी सरसर वर चढलं, नळीतून धबाबा कोसळलं, समुद्रफुलाची बोटं लवलवली. सरकार खाली गेल्या आणि जाताच कारकुनाला ढुशी दिली. म्हणजे सगळं ठीक होतं. आजींनी टाळ्या वाजवल्या. कवळी नसल्याने हसू सगळं हिरड्यांचं.

या गडबडीत मोटारवाल्याचा जबडा जागा झाला होता. पुन्हा सुई घ्यावी लागली. घेतली. आत जाताना एवढंच म्हणाला, "दुसरा पंप आणा. पण खोक्यात नका ठेवू, पडून पडून तोही अडकेल. तीन महिने हा, तीन महिने तो."

संध्याकाळी मावशींनी टाकीवाल्या काकांना फोन लावला. सगळं खरंखरं सांगितलं. पलीकडून काका इतकं बोलले की मावशींनी फोन कानापासून लांब धरला. "पंपाला चादर पांघरलीस? अंगाईही म्हटली असशील." मग शांत होऊन त्यांनी सांगितलं की आठव्या दिवशी तो फरशीचा तुकडा वेगळ्या टबात ठेवायचा, नाहीतर पिल्लं पंपात ओढली जातील. ऐकून मी चरकलो. ज्यांच्यासाठी धावलो त्यांना मीच गिळलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी मावशींनी टबावरचं झाकण काढलं. केसाच्या टोकाएवढी, दोन डोळे आणि एक शेपटी, अशी पिल्लंच पिल्लं. सगळी जगली नाहीत. एवढी जगत नसतात. पण अकरा जगली, आणि काल त्यांतल्या पहिल्याच्या अंगावर पांढरा पट्टा उमटला. म्हणून ही छाती फुगलीय.

आणि आज दुसरा पंप आला, म्हणून माझी पहिली पाळी. दवाखान्याच्या वहीत आता माझं नाव आहे, पेशंटच्या यादीत, दर तीन महिन्यांनी. मघाशी मावशींनी भरल्या बाकांपुढे हाक मारली, "पुढचे, पंपसाहेब, चला." आणि मला दोन्ही हातांनी उचललं. माझ्या जागी नवा जोडीदार उतरलाय. कोरा आहे, आवाज नाही, त्याला त्याचा फार गर्व. मी त्याला सांगून ठेवलंय, काही टोचलं तर खुशाल घरघर कर, आता इथे ऐकतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद आहेत. कुठे कपाटामागे, कुठे माळ्यावर, कुठे जिन्याखाली. ते कुरकुरले तर त्यांच्यावर चादर नका टाकू. आणि कधी अचानक फारच शांत वाटलं, तर उठा, वाका, आणि नळीखाली हात धरून बघा. मी आता निघतो. बाईंनी व्हिनेगरचा वाडगा पुढे ओढलाय, आणि मावशी, नाक धरून का होईना, काकांचं ते बेसूर गाणं गुणगुणतायत.