काका रोज वाचायला येतात

दारात चपलांचा हा ढीग! स्वतःच्या मावशीच्या घरात शिरायला भाचीला "सरका हो, जरा सरका" करावं लागलं. आत सोफ्यावर, खुर्च्यांच्या हातांवर, अगदी शिवणयंत्रावरसुद्धा माणसं बसलेली. मधोमध टीपॉयवर रेशमी रुमालात काकांचा ई-रीडर आणि त्याच्यापुढे डोळे मिटून लहरीबाबा.

बाबांनी पडद्याच्या वरच्या कडेवर बोटाने कुरवाळल्यासारखं केलं. एक छोटं चाक गरगर फिरू लागलं.

"आलं! जीवाचं चक्र आलं!"

चाक थांबलं. पडद्यावर काहीतरी उमटलं, ते बाबांनी अंगठ्याने चटकन दाबलं आणि पुस्तक दोन पानं पुढे सरकलं. खोलीभर "अगं बाई!" झालं. काकांना जाऊन काही महिने झाले होते आणि अर्धी राहिलेली रहस्यकथा ते, म्हणे, वरून रोज थोडी थोडी वाचत होते!

एरवी भाचीची हसून मुरकुंडी वळली असती. पण मावशीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पार दुधाळ झाले होते. आणखी उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि बाबांनी फर्मान काढलं होतं की यंत्र सोडून एक रात्र जरी बाहेर काढलीत, तर काका परत यायचे नाहीत.

"मी नाही गं जायची ऑपरेशनला," मावशी म्हणाली. "मला नाही दिसलं तरी चालेल. त्यांचं पुस्तक पुरं होऊ दे."

भाची ग्रंथालयात ई-पुस्तकांचा विभाग सांभाळायची. "माझं पुस्तक कुठे गेलं? माझं पान का उडालं?" हे ऐकण्यातच तिचा दिवस जायचा. शिवाय काकांची खोड तिला ठाऊक होती. चार्जिंग वाचवायच्या वेडापायी ते ई-रीडरचं वायफाय कायम बंद ठेवायचे आणि मावशीनेही तो नेम मोडला नव्हता. म्हणजे हा लबाड कुरवाळत बिरवाळत नव्हता, वायफाय चालू करत होता!

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली, आतल्या खोलीतला राउटर बंद केला आणि साळसूदपणे बसून राहिली.

बाबांनी कुरवाळलं. चाक फिरलं. फिरतच राहिलं.

"आत्मा रुसलाय," बाबा घाम पुसत म्हणाले. "इथे कोणीतरी शंका घेतंय."

"मीच घेतेय. राउटरही मीच बंद केलाय. काय हो बाबा, मेलेल्या माणसाला वायफाय कशाला लागतं?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. भाचीने राउटर लावला आणि बाबांचा अंगठा मध्ये यायच्या आत ई-रीडर उचलून मोठ्याने वाचलं, "हे पुस्तक दुसऱ्या उपकरणावर पुढच्या पानापर्यंत वाचलेलं आहे. तिथे जायचं का?"

मग ती मावशीकडे वळली. "काकांनी आपलं ई-पुस्तकांचं खातं कोणाला वापरायला दिलं होतं?"

"वन्संना," मावशी पुटपुटली. "त्यांच्या फोनवर घालून दिलं होतं."

काका गेल्यापासून या नणंदा-भावजयांचा अबोला होता. कशावरून, ते दोघींनाही धड सांगता आलं नसतं. भाचीने सरळ वन्संना, म्हणजे तिच्या आत्यांना, फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हो, मीच वाचतेय," पलीकडून आत्या म्हणाल्या. "दादाचं अर्धंच राहिलं ना. रोज दोनच पानं वाचते, संपवायचं जिवावर येतं गं. मला तर माळ्याचा संशय आहे."

"आत्या, दहा पानं पुढे जा बघू."

"न वाचता? अगं, खुनी कळेल!"

"जा हो!"

चाक फिरलं, तीच विचारणा आली, भाचीने 'हो' दाबलं आणि काका दहा पानं पुढे गेले. खोलीत नुसता हशा! "अजून पाच!" अशी फर्माईशही झाली. त्या गोंधळात बाबा दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून सटकले.

मावशी मात्र हसली नाही. "म्हणजे ते नव्हतेच," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"वहिनी? रडू नको गं. मी येऊ का?"

"या वन्सं," मावशी नाक ओढत म्हणाली. "आणि मला मोठ्याने वाचून दाखवा. मला अक्षर दिसत नाही हो."

ऑपरेशनला वन्संच सोबत गेल्या. मावशी घरी आल्यावर शेजारीण भेटायला आली आणि म्हणाली, "काही म्हणा, बाबांच्या बोटात काहीतरी होतंच."

मावशीने काळा चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं.

"मला मोतीबिंदू झाला होता, म्हणून मी फसले. तू तर चांगली समोर बसायचीस! ते बोट काय करतंय, हे एकदा तरी वाकून बघावंसं वाटलं नाही? बघत जा गं बाई. आणि नाही कळलं तर विचारत जा."