पान सात

विजया दिघेच्या निवृत्तीच्या समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून यायला सुहास राजूरकरने तीन वेळा नकार दिला आणि चौथ्या फोनला हो म्हटलं. नकाराची कारणं त्याने दर वेळी वेगळी दिली: गुडघे, परदेशी पाहुणे, उन्हाळा. खरं कारण त्याने अठ्ठावीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दोघं उज्जैनला एमएस्सीला एका वर्गात होते. पुढे सुहास बंगळूरला गेला आणि मोठा गणिती झाला. विजया इथल्याच कॉलेजात शिकवत राहिली. विषय मात्र दोघांचा एकच, संभाव्यता. नळ्यांची एक मोठी जाळी घ्यायची, प्रत्येक नळी उघडी की बंद हे नाणं उडवून ठरवायचं, आणि विचारायचं की या टोकाला ओतलेलं पाणी त्या टोकाला पोचेल का. नाणी एकमेकांकडे न बघता पडत असतील तर प्रश्न बराचसा सुटलेला आहे. पण खऱ्या पदार्थात, लोहचुंबकात म्हणा, शेजारी शेजाऱ्याकडे बघून वागतो, आणि तिथे भलेभले अडतात.

सकाळी समारंभात विजया माइकवर मुलांना सांगत होती, "शहाण्णव साली मी गणिताच्या एका जर्नलला एक पेपर पाठवला होता. इथे विचारायला कोणी नव्हतं, एकटीनेच केला. सात महिन्यांनी वापस आला. परीक्षकाचं नाव आपल्याला सांगत नाहीत. पण त्यांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं की पान सातवर मी दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या आहेत, आणि ते चूक आहे. मला ती चूक आजपर्यंत दिसलेली नाही. मतलब काय, तर आपल्याला चूक दिसत नाही म्हणजे ती नसतेच असं नाही. ही सीख मला त्या माणसाने दिली. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसलेल्या प्रमुख पाहुण्यानेही वाजवल्या. न वाजवून सांगतो कोणाला?

तो परीक्षक सुहास होता.

पेपर त्याच्याकडे आला तेव्हा लेखिकेचं नाव वर ठसठशीत छापलेलं होतं. परीक्षक झाकलेला आणि लेखक उघडा, ही या धंद्यातली रीत. तो स्वतः त्याच प्रश्नाशी दोन वर्षं झगडत होता, आणि विजयाने उज्जैनला बसून, चार जुन्या पुस्तकांच्या बळावर तो सोडवावा हे त्याला आवडलं नाही. इतकं साधं होतं ते. पान सात त्याने एकदा वाचलं, समजलं नाही, दुसऱ्यांदा वाचलं नाही. आपल्याला समजलं नाही असं लिहायची लाज वाटली, म्हणून चूक आहे असं लिहिलं.

सहा वर्षांनी त्याला वाट सापडली. प्रमेय लिहून काढताना मधली असमानता फळ्यावर उतरली आणि त्याने ती ओळखली: पान सातवरची. विजयाने काहीच स्वतंत्र धरलेलं नव्हतं. एक घटना घडली म्हणून दुसरीची शक्यता कमी होत नाही, एवढंच तिने सिद्ध केलं होतं, आणि चोख केलं होतं. त्या दिवशी त्याने पाकिटावर तिचा पत्तासुद्धा लिहिला. मग प्रमेयाला त्याचं नाव मिळालं, सत्कार झाले, आणि पाकीट तसंच राहिलं. आपण चोरलं नाही, विसरलेलं आपोआप वर आलं, असं तो स्वतःला समजावतो. रोज समजवावं लागतं, यातच काय ते आलं.

दुपारी विजयाने त्याला नानाखेडा भागातल्या आपल्या घरी नेलं. पोह्यांवर भरपूर शेव घालून बशी पुढे केली आणि कपाटातून गठ्ठा काढला. जुना पेपर, परीक्षकाचं टाइप केलेलं पत्र आणि अकरा वह्या.

"तू सापडलास म्हणून विचारते. माझा तर दिमाग थकला. या अकरा वह्यांमध्ये मी ते भोक बुजवत बसले. पण भोक कुठे आहे तेच दिसेना, तर बुजवू काय? तू बघ ना एकदा. तुला लगेच दिसेल."

सुहासने एक वही उघडली. पान सात पुन्हा उतरवलेलं, प्रत्येक ओळीला नंबर, आणि प्रत्येक ओळीसमोर लाल पेनाने प्रश्नचिन्ह. त्याने दुसरी उघडली. तिच्यातही तेच.

"परीक्षकच चुकला असेल," तो म्हणाला. यापेक्षा जास्त धीर झाला नाही, आणि आपला आवाज त्याला स्वतःलाच किळसवाणा वाटला.

"नाही रे. किती शांतपणे लिहिलंय बघ. ज्याला येत नाही तो असं थोडीच लिहितो?"

"मग नंतर दुसरा काही पेपर का नाही पाठवलास?"

"ज्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्याने दुसऱ्याचा टाइम कशाला खायचा?" विजया सहज म्हणाली. "मुलांना शिकवलं मग. ते पण बढियाच होतं."

सुहासने बशी खाली ठेवली.

"विजया, चूक नाहीये. कधीच नव्हती. तो परीक्षक मी होतो. मला समजलं नाही आणि मी तुझ्यावर ढकललं."

तिने रडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दोन हजार दोन साली."

विजयाने वह्या पुढे ओढल्या. आतल्या तारखा बघत तिने त्यांचे दोन ढीग केले. डावीकडे पाच, उजवीकडे सहा.

"या पाच तेव्हाच्या, जेव्हा तुलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "समजू शकते. आणि या सहा?"

चाळीस वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस, पण त्या सहा वह्यांकडे त्याला बघवेना. "मी संपादकांना लिहितो," तो कसाबसा म्हणाला. "प्रमेयावर तुझं नाव—"

"ते तू लिहिशीलच. लिहायलाच पाहिजे." तिने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "पहिले माझ्या पेपरचा रिपोर्ट लिही. या वेळी नाव घालून."

त्याने लिहिलं: पान सातवरील असमानता बरोबर आहे. लेखिकेने घटना स्वतंत्र धरलेल्या नाहीत. खाली सही केली आणि तारीख घातली. विजयाने कागद वाचला आणि जुन्या पत्राला टाचणीने लावला.

"आता तू जा, सुहास. मला ते पान एकदा चूक न शोधता वाचायचं आहे."

बाहेर पायरीवर बसून बूट घालायला त्याला वेळ लागला. गुडघ्याचं कारण काही अगदीच खोटं नव्हतं. जाळीच्या दारातून ती दिसत होती. तिने लाल पेनाला टोपण लावून ते खणात टाकलं, पान सात समोर घेतलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. निरोप द्यायला ती उठली नाही. तो फाटक लोटून बाहेर पडला तेव्हा ती तिसऱ्या ओळीवर होती.