दोघांच्या बेटावर बारा जण

शर्मिलाने लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत नवऱ्याकडे हट्ट म्हणून एकच गोष्ट मागितली आणि तिथेच फसली, कारण तिचा नवरा प्लॅनिंग इंजिनियर होता. साध्यासुध्या माणसाकडे मागितली असती तर तो 'बघू' म्हणाला असता आणि चार दिवसांनी विषय आपोआप मिटला असता. रत्नाकर 'बघू' म्हणत नाही. तो एक्सेल उघडतो.

मागणी तशी साधी होती. फिनलंडच्या किनाऱ्याला लागून समुद्रात हजारो बेटं विखुरलेली आहेत. त्यातल्या एका टीचभर बेटावर लाल रंगाची एक लाकडी केबिन होती, दोन माणसांपुरती. विहिरीचं पाणी, लाकडाची शेगडी, बोट लागायला छोटासा धक्का, आणि संडास चाळीस पावलांवर झाडीत. गौरीने, म्हणजे त्यांच्या बंगलोरच्या लेकीने, त्याची लिंक पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आई, सो यू!' शर्मिलाने ते फोटो आठवडाभर पाहिले आणि मग एका संध्याकाळी चहा देता देता म्हणाली, "अहो, इथे एक रात्र राहायचंय मला. आपण दोघांनीच."

दोघांनीच, या शब्दावर तिचा सगळा भर होता. रियाधला येऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती. दर वर्षीची रजा नाशिकला जायची. नणंदेचं लग्न, पुतण्याची मुंज, सासऱ्यांचं ऑपरेशन, बंगल्याचा स्लॅब, मग वरच्या मजल्याचा स्लॅब. इथे अल मलाझच्या फ्लॅटमध्ये तरी दोघं असावीत? तर नव्याने नोकरीवर आलेला प्रत्येक मराठी माणूस स्वतःची जागा मिळेपर्यंत रत्नाकरकडे उतरायचा. हॉलमधल्या गादीवरची चादर शर्मिलाने धुवायला काढली की दुसरा पाहुणा यायचा. आता ऑगस्टअखेर रत्नाकरची नोकरी संपणार, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना संपणार, आणि नाशिकच्या बंगल्यात खाली सासूबाई, वर दीर-जाऊ आणि मधल्या खोलीत ही दोघं. त्या खोलीच्या दाराला कडी नव्हती, कारण तिथूनच देवघरात जायची वाट होती.

"तिकडे गेल्यावर आपण दोघंच असे परत कधी असणार आहोत?" ती म्हणाली.

रत्नाकर कठोर माणूस नव्हता. त्याला ते लागलं. त्याने फोटो नीट पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "करू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात करू. अगदी व्यवस्थित करू."

'व्यवस्थित' हा शब्द ऐकला तेव्हाच शर्मिलाने सावध व्हायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी ती खुशीत होती.

पुढच्या शुक्रवारी गुणाजीकडे मिसळ होती. गुणाजी परब रत्नाकरच्याच ऑफिसात खरेदी विभागात. बोलका, हौशी, कुणाचंही काम स्वतःच्या अंगावर घेणारा आणि मग सगळ्यांना वाटून देणारा. रत्नाकरने पावाचा पहिला तुकडा मोडता मोडता फिनलंडचं सांगून टाकलं. त्यात त्याचा काही डाव नव्हता. आपण काहीतरी नवीन करतो आहोत हे चार लोकांना सांगितल्याशिवाय ते खरं वाटत नाही, असा काहींचा स्वभाव असतो.

"वा साहेब! एकटे एकटे?" गुणाजी म्हणाला. "वहिनी, हे बरं नाही हं. आम्हाला कटवताय."

"अहो, तसं नाही," शर्मिला म्हणाली. आता यावर दुसरं काय म्हणणार?

"मग ठरलं. आम्हीपण," गुणाजीची बायको अलका आतून ओरडली. तिने बेट कुठलं, देश कुठला हेही विचारलं नव्हतं.

मिसळीची तर्री संपेपर्यंत व्हॉट्सॲपवर 'चलो फिनलंड' नावाचा ग्रुप निघाला होता, आणि रात्रीच्या इशाच्या अजानच्या आत बारा जण झाले होते. सहा जोडपी. लीडर अर्थातच रत्नाकर.

बारा माणसं दोघांच्या केबिनमध्ये मावत नाहीत, हे रत्नाकरला लगेच कळलं, तो इंजिनियर होता. त्याने केबिन रद्द केली आणि शेजारचं मोठं बेट घेतलं. तिथे सहा खोल्यांचं पाहुणेघर होतं, दुकान होतं, मोबाइलला रेंज होती. मग प्रश्न सुरू झाले. संडासात जेट स्प्रे आहे का? नाही. मग सहा पोर्टेबल स्प्रे मागवायचे ठरले. भात कसा होणार? अलकाने राइस कुकर घेतला. लोणचं कोण, चकली कोण, पत्ते कोण, स्पीकर कोण, अशा याद्या झाल्या. त्या दिवसांत तिकडे रात्री अकरापर्यंत उजेड असतो हे कळल्यावर गुणाजीने लिहिलं, 'रात्रच होत नाही तर नाइट स्टेचे पैसे कसले मागतात?' त्यावर अठरा हसरे चेहरे आले. त्यातला एक रत्नाकरचा होता.

"मी दोघांचं म्हणाले होते," शर्मिलाने त्याला एकदा स्पष्टच सांगितलं.

"अगं, खोल्या वेगळ्याच आहेत की!" रत्नाकर मनापासून म्हणाला. "आणि ग्रुपमुळे सोबत होते. काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"तेच म्हणतो मी. काही होऊ नये म्हणूनच."

निदान बेट तर आहे, असं शर्मिलाने स्वतःला समजावलं. बाकीची मंडळी हाउजी खेळत बसली की आपण ह्यांना हाताला धरून धक्क्यावर नेऊ. तासभर तरी. एका रात्रीतला एक तास, इथपर्यंत ती स्वतःच्या हट्टाला खाली घेऊन आली होती.

रत्नाकर मात्र फुलला होता. रिटायर व्हायला आलेल्या माणसाला ऑफिसात कुणी विचारेनासं होतं, आणि इथे अकरा जण त्याच्या तोंडाकडे बघत होते. व्हिसाचे फॉर्म त्याने भरले, विमा काढला, तिकिटं एकत्र काढली, त्याच्या इकाम्यावर असलेल्या शर्मिलाची देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी स्वतःच्या मोबाइलवरून पहिल्याच दिवशी काढून ठेवली. एक्सेलमध्ये त्रेसष्ट ओळी होत्या. झालेलं काम हिरवं, चालू पिवळं. जूनच्या मध्यापर्यंत पत्रक लॉनसारखं हिरवंगार झालं.

शेवटची मीटिंग त्यांच्याकडेच होती, शुक्रवारी दुपारी जेवणानंतर. बुधवारी पोहोचायचं. गुरुवार, शुक्रवार शहर. शनिवारची रात्र बेटावर. रविवारी सकाळी नऊ वाजून दहाच्या बोटीने परत आणि दुपारी तीनचं विमान. रत्नाकरने प्रत्येकाच्या हातात छापील कागद दिले. "रविवारची बोट मुद्दाम घेतली आहे," तो म्हणाला. "वर्किंग डे. गर्दी नसते."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

शर्मिला चहाचे कप ठेवत होती. शाळेत सतरा वर्षं गणित शिकवलेली बाई. पेपराखालची बारीक अक्षरातली टीप वाचल्याशिवाय तिच्या हातातला कागद खाली जात नसे. तिने बोटीचं वेळापत्रक वाचलं आणि कप हातात धरूनच उभी राहिली. नऊ वाजून दहाची बोट सोमवार ते शुक्रवार होती. रविवारी तिथे सुट्टी. रविवारची पहिली बोट संध्याकाळी साडेपाचला.

वर्षानुवर्षं ज्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवारी आणि शाळा, बँक, साइट सगळं रविवारी उघडलं, त्या लोकांच्या डोक्यातला रविवार कधीच सोमवार होऊन गेला होता. तो कागद अकरा जणांनी तपासला होता. एकालाही काही खटकलं नव्हतं.

तिच्या मनात एक वाईट विचार आलाच. बोलूच नये. अडकू देत सगळ्यांना. पण अडकून तरी काय, बारा जणांतच अडकायचं. आणि विमान चुकलं तर रत्नाकर जन्मभर स्वतःला खात बसेल, हेही तिला माहीत होतं. ती म्हणाली, "अहो, रविवारी सकाळी बोट नाहीये."

रत्नाकरने कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. त्याचा चेहरा इतका उतरला की शर्मिलाला वाटलं, उगाच बोलले.

सगळ्यात आधी गुणाजी हसला. "साहेब, तुमचं काही खरं नाही! नाशिकला रविवारी सकाळी डबा घेऊन निघाल कामावर!" मग सगळेच हसले, रत्नाकरही कसाबसा हसला. शुक्रवारची रात्र बघितली तर पाहुणेघर भरलेलं. गुरुवारी निम्मंच रिकामं. तेवढ्यात अलका म्हणाली, "त्यापेक्षा ते मोठं जहाज घेऊ या का? शनिवारी दिवसभर फिरवतात. बुफे आहे. गाणी आहेत."

आणि गंमत अशी की खोलीतल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. बेटावर जायचं कुणाच्याच मनात नव्हतं. जो तो दुसऱ्याला हौस आहे म्हणून निघाला होता. एकीला डासांची भीती होती, एकाला रात्री दोनदा उठावं लागायचं, गुणाजीला बोट लागायची. हे सगळं आता हसत हसत बाहेर आलं. मतदान झालं. दहा हात वर गेले. रत्नाकरने आजूबाजूला पाहिलं आणि आपलाही हात वर केला. शर्मिला ट्रे घेऊन उभी होती, तिचे हात मोकळे नव्हते, आणि ते कुणी पाहिलंही नाही.

रत्नाकरने लॅपटॉपवर 'बेटावर मुक्काम' ही ओळ निवडली आणि काढून टाकली. खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या.

शर्मिला स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि रडली. रडण्यासारखं काय आहे, लहान आहोत का आपण, असं स्वतःला बजावत रडली. मग तोंड धुऊन तिने गौरीला फोन लावला.

"आई, यू आर आस्किंग द राँग पर्सन," गौरी म्हणाली. "बाबांना ग्रुप करू दे ना काय करायचं ते. तुझी केबिन बघ. अजून असेल."

होती. लाल केबिन गुरुवारी रात्री रिकामी होती. संध्याकाळी सहाची बोट जायला, शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहाची बोट यायला. शुक्रवार तिथे कामाचा दिवस, बोट येणारच. तिने बारीक अक्षरातली टीप तीन वेळा वाचली. ग्रुप शहरातच असणार होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मंडळी गेल्यावर रत्नाकर डायनिंग टेबलावर हाउजीची तिकिटं कापत बसला होता. शर्मिला त्याच्यासमोर बसली.

"गुरुवारची केबिन रिकामी आहे. पहिलीच, दोघांची. आपण संध्याकाळी जाऊ आणि शुक्रवारी जेवायच्या वेळेला परत येऊ. येता?"

रत्नाकरने कात्री खाली ठेवली. त्याने तिच्या मोबाइलवरचा फोटो हातात घेऊन पाहिला, आणि क्षणभर त्याचा चेहरा पहिल्या संध्याकाळी झाला होता तसा झाला. तो हो म्हणणार होता, हे ती आजही शपथेवर सांगेल.

टेबलावरचा त्याचा फोन वाजला. गुणाजीचा मेसेज होता: 'साहेब, गुरुवारी हाउजीला फुल हाउसला काय बक्षीस?'

"गुरुवारी गेट-टुगेदर आहे गं," रत्नाकर म्हणाला. "हाउजी मीच घेणार आहे. दहा लोकांना परक्या देशात सोडून लीडरच नाहीसा झाला, तर काय वाटेल त्यांना?"

"आणि मला?"

"तू जा ना हवं तर," तो समजूतदारपणे म्हणाला, जसं काही तिने दुसऱ्याच कुणाबद्दल विचारलं होतं. "फोटो पाठव. मी ग्रुपवर टाकतो."

त्याने पुन्हा कात्री उचलली. त्याला खात्री होती की ती जाणार नाही. बावीस वर्षांत शाळेची बस सोडली तर ती एकटी मलाझच्या भाजीवाल्याच्या पलीकडे गेली नव्हती, आधी ड्रायव्हर नाही म्हणून आणि नंतर सवयीने.

शर्मिला बेडरूममध्ये गेली. व्हिसा होता, विमा होता, परवानगी होती, सगळं ह्याच माणसाने स्वतः हिरवं करून ठेवलं होतं. फॉर्ममध्ये माणसं किती असं विचारलं होतं. तिने एक लिहिलं. भाडं बदललं नाही, केबिन अख्खीच घ्यायची होती. तिला नवऱ्याचा भयंकर राग आला होता, आणि रागाच्या तळाशी त्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवावा अशी इच्छाही होती. तिने पाच मिनिटं वाट पाहिली. मग बटण दाबलं.

"शर्मिला," बाहेरून हाक आली. "गुरुवारच्या जेवणाला टेबल सांगायचंय. आपण बाराच ना?"

"अकरा."

"अकरा?" रत्नाकरने मोजायला सुरुवात केली. गुणाजी, अलका, मग बाकीची जोडपी, बोटांवर, मोठ्याने. सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी त्याचा हिशेब जुळेना. "कोण गळालं?"

"मी," शर्मिला म्हणाली आणि बुकिंगचा कागद काढायला तिने त्याचाच प्रिंटर सुरू केला.